समुद्राला दिलेला हात

सोनूबाईने दिवा घरात लावून घ्यायला साफ नकार दिला, तिथूनच आमचं वाजलं.

सहासष्ट-सदुसष्ट साल असेल. उंडीखोलच्या कोळवाड्यात नुकतीच वीज आली होती. मी बोर्डात वायरमन. बोर्ली पंचतनला खोली घेऊन राहायचो आणि खांद्यावर शिडी, कमरेला पकड अशी किनाऱ्याची गावं पायी तुडवायचो. कोळवाड्यात बहुतेकांनी घरटी एकच दिवा घेतला होता आणि तो कुठे लावायचा यावरून घराघरात महाभारत चाललं होतं. म्हाताऱ्यांना देवापुढे हवा, सुनांना चुलीवर हवा. सोनूबाई म्हणाली, बाहेर. पुढच्या भिंतीवर, दर्याकडे तोंड करून.

मी म्हटलं, बाई, घरात मिट्ट काळोख आहे आणि तुम्ही दिवा बाहेर वाळूला दाखवणार? डोकं ठिकाणावर आहे ना? तिने मला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि दिवा कोणाचा, तुझा का माझा, एवढंच विचारलं. झालं. आजूबाजूच्या बायका फिदीफिदी हसल्या आणि मी मुकाट्याने भिंतीत पाइप ठोकायला घेतला. तेव्हा माझी तिशीही उलटली नव्हती, आणि राग माझ्या नाकाच्या शेंड्यावर असायचा. अजूनही असतो म्हणा.

त्या पाइपाचं नीट सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच्यावर आहे. हातभर लोखंडी पाइप, भिंतीतून बाहेर काढलेला. टोकाला दिव्याचा होल्डर. पाइपाच्या पोटातून रबराचं कातडं असलेल्या दोन तारा: एकीतून वीज जाणार, दिवा पेटवणार आणि दुसरीतून परत येणार. शिवाय पाइपाच्या अंगाला पक्की आवळलेली एक उघडी जस्ती तार, भिंतीवरून खाली आणून जमिनीत खोल गाडलेली. ही अर्थिंगची. आतल्या तारेचं रबर कधी फाटलं आणि वीज पाइपात उतरली, तर तिने माणसाच्या अंगातून वाट काढू नये, या तारेतून सरळ जमिनीत जावं आणि फ्यूज उडावा, यासाठी. एरवी ती काहीच करत नाही. नुसती उभी असते. आणि जी वस्तू नुसती उभी आहे तिची किंमत आपल्या लोकांना कधी कळली आहे?

सोनूबाईची ओळख करून द्यायची तर आधी तिच्या हातांची करून दिली पाहिजे. कोळणीच्या लग्नात एक रीत आहे. नवरीच्या उजव्या हातातला हिरवा चुडा उतरवतात आणि दर्याला वाहतात. हा हात तुझा, माझ्या धन्याला सांभाळ, असं ते मागणं. मग जन्मभर काचेच्या बांगड्या फक्त डाव्या हातात. उजव्या मनगटात चांदीचा एक गोठ, बस्स. देश स्वतंत्र झाला त्या सालात तिचं हिरामणशी लग्न झालं आणि तिचा उजवा हात दर्याचा झाला.

हिरामण कसा होता, हे मला तिनेच पुढे सांगितलं. फार बोलणारा नव्हता. बोर्लीच्या बाजारातून मासळी विकून दोघं परत यायची, तेव्हा ओढ्याच्या घसरड्या उतारावर तो तिचं उजवं मनगट धरायचा, गोठासकट. चारचौघांत. बरोबरच्या पोरी तोंडाला पदर लावून हसायच्या. उतार संपला की इतर नवरे असते तर लाजून हात सोडते. हा घरापर्यंत सोडायचा नाही.

लग्नाला सहा-सात वर्षं झाली असतील. दसरा होऊन गेला होता. हिरामणची होडी बाहेर पडली, दुपारी वारा फिरला आणि होडी आली नाही. फळ्या दिवेआगरच्या पुळणीवर लागल्या. बरोबरच्या दोघांची प्रेतं मिळाली. हिरामण मिळाला नाही. अनंता, तिचा मुलगा, तेव्हा नुकता नीट बोलायला लागला होता. सासू गोदूबाईने महिनाभर वाट बघितली, मग भटजींना बोलावून दर्भाचा पुतळा करवला आणि त्याला अग्नी दिला. बायका सोनूबाईच्या बांगड्या फोडायला आल्या, तर ही डावा हात पदरात घट्ट गुंडाळून बसलेली. ओढलं, दटावलं, गोदूबाईने पायावर डोकं ठेवलं. हिने हात काही बाहेर काढला नाही.

उंडीखोलात माणूस होडीवर असला की घरच्या बाया तो ‘गेला’ असं म्हणत नाहीत. ‘बाहेर हाय’ म्हणतात. सोनूबाई पुढे बारा-चौदा वर्षं तेच म्हणत राहिली. बाजारात गिऱ्हाइकाने सहज विचारलं, मालक काय करतात, की ही बोंबील मोजता मोजता सांगायची, बाहेर हाय. तोंडाची फटकळ, भावाला पक्की, भांडायला उभी राहिली तर समोरच्याला पळता भुई थोडी. पण हे दोन शब्द म्हणताना तिचा आवाज एवढासा व्हायचा. लोकांनी आधी समजूत घातली, मग कुचेष्टा केली, मग सोडून दिलं. डाव्या हातात बांगड्या आणि कपाळावर कुंकू घेऊन ती अनंताला वाढवत राहिली. तर दर्याकडे तोंड करून दिवा कोणासाठी, हे सगळ्या कोळवाड्याला ठाऊक होतं. मला बाहेरच्याला तेवढं ठाऊक नव्हतं.

वर्ष-सव्वा वर्षाने अनंता बोर्लीला मला शोधत आला. आता तो होडीवर जाणारा बाप्या झाला होता, कमळ नावाची मुलगी त्याने नुकतीच लग्न करून आणली होती. म्हणाला, दत्तात्रेयभाऊ, दिवा गेलाय, एकदा येऊन बघा. मी म्हटलं, एवढ्यासाठी दोन कोस चालत आलास? बाजारातून दिवा घे आणि फिरव. तो जरा घुटमळला. मग म्हणाला, दिवा जाऊन पंधरवडा होईल, पण आई रोज तिन्हीसांजेला बटण दाबते. दिवा पेटत नाही, तरी दाबते. आणि दाबून बाहेर जाऊन उभी राहते. दिवा आणू का म्हटलं तर नको म्हणते. त्याच्या तोंडावर भीती दिसत होती. मी हसलो नाही, हे माझं नशीब.

मी पोचलो तेव्हा ऊन उतरत होतं. अनंता सकाळीच बाहेर पडला होता, दोन दिवसांची फेरी होती. कमळ खाली बंदरावर. घरात सोनूबाई एकटी, आणि माझं येणं तिला मुळीच आवडलेलं नव्हतं. मी शिडी लावून दिवा काढला. आतली बारीक तार तुटलेली. साधी गोष्ट. तार तुटली म्हणजे वाट तुटली, वाट तुटली म्हणजे वीज जाणं बंद. माझी नात दहावीला आहे, तिच्या पुस्तकात याला खंडित परिपथ असं भारदस्त नाव आहे. मी तिला म्हटलं, नाव पाठ कर, पण एवढं ध्यानात ठेव की वीज अर्धी वाट चालत नाही. परत यायला रस्ता नसेल तर ती निघतच नाही.

शिडीवरून उतरलो, बॅगेतला नवा दिवा शोधत दाराच्या आत आलो. मीटर तिथेच, बटणाच्या वर. तेवढ्यात सोनूबाई पाय धुऊन आली. केस विंचरलेले, कपाळावर ताजं कुंकू. माझ्याकडे न बघता तिने बटण दाबलं आणि बाहेर गेली. होल्डर रिकामा होता, दिवा माझ्या हातात. मी तिला सांगणार होतो की बाई, दिवाच नाही तर बटण कशाला दाबता. आणि माझी नजर मीटरवर गेली.

चकती फिरत होती.

हळू फिरत होती. एखादा माणूस झोपेत कूस बदलतो तेवढी हळू. पण फिरत होती. घरात दुसरा दिवा नाही, पंखा नाही, काही नाही. आणि वीज जात होती. कुठेतरी जात होती आणि कुठून तरी परत येत होती. मी भुताखेतांवर विश्वास ठेवणारा माणूस नाही, पण खोटं कशाला बोलू, माझ्या अंगावर सर्रकन काटा आला.

बाहेर बघितलं. अंगणात बोंबील वाळवायची वलांडी, म्हणजे बांबूंवर ताणलेली ओळ. जबडे एकमेकांत अडकवून तारेवर टाकलेले अर्धवट वाळलेले बोंबील वाऱ्यावर हलत होते. उजेड जाता जाता राहिलेला. सोनूबाई ओळीच्या टोकाला भिंतीपाशी उभी होती, अनवाणी, ओल्या पायांनी. उजवं मनगट तिने तारेला टेकवलं होतं. डोळे मिटलेले, ओठ हलत होते. तिचा दंड बारीक थरथरत होता, आणि चेहऱ्यावर असं काही सुख होतं की मला तिथून पळून जावंसं वाटलं.

मग मी ती तार बघितली. जस्ती तार. माझी तार. पाइपाला माझ्याच हाताने आवळलेली. फक्त ती आता खाली जमिनीत जात नव्हती. जमिनीतून उपटून, नीट गुंडाळी सोडून, तीच बांबूंवर ताणली होती. काथ्याची दोरी खाऱ्या वाऱ्याने वर्षात कुजते, आणि ही चांगली जस्ती तार मातीत फुकट गाडलेली. कोळ्याच्या घरात अशी तार राहील? अनंताने आणि हिने मिळून काढली होती, पावसाळा संपल्यावर. गावात त्याचं कौतुकही झालं होतं. बोंबलांच्या वजनाने पाइप ओढला जाऊन कलला, आतल्या तारेचं रबर पाइपाच्या धारेवर घासलं, चिरलं आणि त्या खारट ओल्या चिरेतून वीज पाइपात गळायला लागली. पाइपातून तारेत. थोडी ओल्या भिंतीतून जमिनीला जात होती, म्हणून चकती फिरत होती. बाकीची तारेत वाट बघत थांबली होती. सुका बांबू विजेला वाट देत नाही.

मी आत धावलो आणि बटण बंद केलं. बाहेर तिने डोळे उघडले, मनगटाकडे बघितलं आणि चवताळून घरात आली. मी तिच्यावर ओरडलो, ती माझ्यावर ओरडली. मग ती म्हणाली, “तो येतो. दिवा लावला की येतो. मनगट धरतो माझं.”

मी मटकन खाली बसलो. दुसरा वायरमन असता तर फ्यूज काढून चालता झाला असता. मलाही तेच करायला हवं होतं, पण बाईचा चेहरा बघवत नव्हता. मला वाटलं, हिला नीट समजावून सांगितलं तर हीच म्हणेल की काढ ती तार. मी बॅगेतली बॅटरी उघडली. एक सेल, एक चिमुकला दिवा, तारेचा तुकडा. जमिनीवर मांडून तिला दाखवलं. तार सेलच्या एका तोंडापासून निघाली, दिव्यातून गेली, दुसऱ्या तोंडाला येऊन मिळाली की दिवा लागतो. कुठेही बोटभर अंतर पडलं की विझतो. सेलमध्ये जोर असतो, खाजणाच्या बांधाला भरतीचं पाणी रेटून उभं असतं तसा. पण रेटून उभं असणं वेगळं आणि वाहणं वेगळं. उघाडी, म्हणजे बांधातली झडप, उघडल्याशिवाय पाणी वाहत नाही.

ती लक्ष देऊन ऐकत होती. सगळं कळत होतं तिला. तिने विचारलं, दिवा जळतो म्हणजे वीज संपत असेल ना? मी सांगितलं, नाही. तिचा जोर दिव्यात खर्ची पडतो, पण जेवढी जाते तेवढी परत येते. थेंबभर कमी नाही.

“गेली तितकी परत येते?”

“तितकीच.”

तिने तार बोटाने हलवून तो चिमणा दिवा विझवला, पुन्हा लावला. मग स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली, दर्याला कोणी हे शिकवलं न्हाय.

मग मी तिला तारेचं सांगितलं. तारेत वीज नुसती रेटून उभी असते. सुक्या बांबूवर बसलेली. कावळा तारेवर बसतो, त्याला काही होत नाही, कारण त्याच्यातून जमिनीला वाट नाही. तुम्ही ओले पाय घेऊन वाळूवर उभ्या राहता आणि मनगट टेकवता, तिथे वाट पुरी होते. तारेतून तुमच्या गोठात, हातातून पायात, पायातून ओल्या वाळूत, आणि जमिनीतून थेट चिंचेखालच्या ट्रान्सफॉर्मरपर्यंत परत. आज मुंग्या येतात, कारण चीर लहान आहे आणि तुमचं अंग वाटेत आडवं येतं. उद्या चीर वाढली, पाय खाऱ्या पाण्यात भिजलेले असले, तर अडवणारं काही राहणार नाही. जोर तोच, पण वाट रुंद झाली की वीज दसपट घुसते. मग हात सुटत नाही. मूठ आपोआप आवळते. माणूस उभ्या उभ्या मरतो.

मला वाटलं होतं ती घाबरेल. तिने मरणाचं मनावरच घेतलं नाही. तिने भलताच प्रश्न विचारला. “म्हणजे मी उभी राहिले म्हणून तो आला? मी नसते तर आला नसता?”

“तो नाही, बाई. वीज. पण हो. तुम्ही उभ्या राहिलात म्हणून.”

तिने मान हलवली. समाधानाने हलवली, हे बघून माझं डोकंच फिरलं. मी शिकवलं काय आणि हिने घेतलं काय! ती उठली, बटणापाशी गेली आणि मला म्हणाली की तार उद्या काढ, आज एकदा येऊ दे. मी नाही म्हटलं. तिने बटण दाबलं आणि त्याला पाठ लावून तिथेच उभी राहिली. फ्यूज तिच्या डोक्याच्या वर. बाईमाणसाला ढकलून हात घालायचा कसा? मी हातापाया पडलो, बोर्डाची भीती घातली, अनंताची शपथ घातली. तिचं एकच, आज एकदा. तुला काय जातंय, एकदा बोलून घेते. चौदा वर्षं दर्याने माझा हात ठेवून घेतला, मला माणूस दिला न्हाय. आता देतोय तर तू कोण आडवा येणार?



आम्ही असे हमरीतुमरीवर आलेलो असताना कमळ बंदरावरून वर आली. एरवी बोंबील सकाळी टाकत, दिवा बंद असताना, म्हणून त्या पोरीला त्या तारेचं काही ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी सासरच्या कुणाची होडी उशिरा लागली होती. डोक्यावर पाणी गळणारी टोपली, लुगडं गुडघ्यापर्यंत चिंब, पायांना ओली वाळू. दारातून मला ती दिसली. तिने टोपली उतरवून कमरेला घेतली, ओंजळभर बोंबील उचलले आणि उजवा हात वर केला. त्या हातात लग्नातला नवा कोरा गोठ.

मी ओरडलो. कमळची बोटं तारेवर पडली आणि मिटली. टोपली वाळूवर सांडली. तिचं तोंड उघडं, पण किंकाळी बाहेर येत नव्हती. सगळं अंग ताठ, टाचा उचललेल्या, आणि हात तारेला असा धरलेला की जसं वरून कुणीतरी तिला धरलं आहे आणि सोडायचं नाव घेत नाही. माझ्यात आणि तिच्यात अंगण होतं. धावून धरलं असतं तर मीही त्याच वाटेत गेलो असतो, हे ठाऊक असूनही मी धावलो.

सोनूबाईने ते बघितलं. मी बघितलं ते नाही. तिने त्याला बघितलं. तिचा तो आवाज मी अजून ऐकतो, मागून, माझ्या कानाशी:

“सोड रं तिला!”

आणि तिने बटण बंद केलं.

कमळ वाळूवर कोसळली. मी पोचलो तेव्हा तिचा श्वास अडकत अडकत चालला होता, मग मोठा आला, मग ती रडायला लागली. देवाची कृपा. तळव्यावर तारेचा काळा चटका उमटला होता. मी तिच्या शेजारीच बसून घेतलं. बायका जमल्या. कोणी म्हणालं हिरामणचा वारा, कोणी म्हणालं दृष्ट काढा, कोणी मलाच शिव्या घातल्या. सोनूबाईने कमळचा हात मांडीवर घेतला, त्याला खोबरेल लावलं आणि तो तळवा आपल्या गालाला लावून बसून राहिली. फ्यूज मी खिशात घातला आणि शेजारच्या पडवीत जाऊन पडलो.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून कामाला लागलो. चिरलेली तार काढली, नवी ओढली, पाइपाच्या तोंडाला लाकडी गुळगुळीत बूच बसवलं. वलांडीला काथ्याची दोरी बांधून दिली, भिंतीपासून चांगली दूर. अर्थिंगसाठी खड्डा पुन्हा हवा होता. मी कुदळ शोधेपर्यंत सोनूबाईने खणायला सुरुवात केली होती. कमरेएवढा खड्डा तिने एकटीने खणला. त्यात पत्रा उभा केला, भोवती कोळसा आणि मीठ, कोळसा आणि मीठ असे थर घातले, ओल धरून ठेवतात म्हणून. मीठ ती स्वतः ओंजळीने टाकत होती. तिने एवढंच विचारलं की आता कधी गळली तर कुठे जाईल? मी म्हटलं, इथून खाली, जमिनीत. कुणाच्या अंगात नाही. ती बरं म्हणाली.

ऊन उतरल्यावर दिवा बसवला, फ्यूज घातला, बटण दाबलं. दिवा लागला. मी पाइपाला पालथा हात लावून बघितला. वायरमनची ही सवय असते, झटका बसलाच तर हात आवळून अडकत नाही, मागे उडतो. काही नाही. तार थंड, पाइप थंड. मी सोनूबाईला सांगितलं की झालं, आता निर्धास्त राहा.

ती पुढे आली. ओले पाय, कालच्याच जागी. उजवा हात वर केला, मनगट पाइपाला टेकवलं आणि डोळे मिटले. कमळ दारात उभी होती, हाताला चिंधी बांधलेली. आम्ही दोघं श्वास धरून बघत राहिलो. भरती संपून पाणी परतायला लागलं होतं, त्याचा आवाज तेवढा येत होता. ती किती वेळ तशी उभी होती कोण जाणे. एकदा तिने मनगट जरा घासून बघितलं. मग पुन्हा वाट बघितली.

मग हात खाली घेतला.

“गेला,” ती म्हणाली.

चौदा वर्षांत तिच्या तोंडून हा शब्द कोणी ऐकला नव्हता. कमळ तोंडावर हात दाबून रडायला लागली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं, लाज कशाची. सोनूबाई रडली नाही. ती तशीच पुळणीवर उतरली, परतणाऱ्या पाण्यात गुडघाभर गेली आणि डाव्या हातातल्या बांगड्या एकेक करून उतरवल्या. कोणी फोडल्या नाहीत, तिने स्वतः उतरवल्या आणि पाण्यात सोडल्या. कुंकू दर्याच्याच पाण्याने पुसलं. वर आली तेव्हा, एक गोठ सोडला तर, तिचे दोन्ही हात सारखे दिसत होते.

मी शिडी आवरत होतो. ती माझ्यापाशी थांबली. “भाऊ, चूक झाली माझी,” म्हणाली. “तू पहिल्याच दिवशी खरं सांगत होतास. दिवा आत घे. चुलीवर लाव. बाहेर आता कोणासाठी?” आणि तिने दारातून हात घालून दिवा बंद केला.

अंगण काळवंडलं. मी शिडी पुन्हा भिंतीला लावायला उचलली.

तेव्हा कमळ पुढे झाली. तिने सासूला हाताने बाजूला केलं नाही, नुसती तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. “आत नको, आई,” ती म्हणाली. “हे बाहेर हायत.”

आणि बांधलेल्या हाताच्या बोटाने तिने बटण दाबलं.